पाटीवरचं पाणी

“पण यात हरते कोण?” गोपाळरावांनी विचारलं.

मारोतराव गजभिये सतरंजीवर एक जुनं कापड पसरत होते. त्यांनी त्याची दुमडलेली कड हाताने सपाट केली. “हरलो तर दोघंही हरतो. जिंकलो तर दोघंही,” ते म्हणाले.

“मंग त्यात मजा काय? समोरच्याचं तोंड उतरलेलं दिसल्याशिवाय खेळाले चव येते का गा?”

गोपाळरावांचं हे मत आम्हाला नवीन नव्हतं. अजनीच्या मालधक्क्यावर तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. चौसर तेवढा देवाने केला आणि बाकीचे खेळ माणसांनी केले, असं ते मानत. फासे हातात घेतले की त्यांची वाणी सुटे, आणि ती सुटली की मास्तरांच्या घरातल्या बायका आतलं दार लावून घेत.

आम्ही पाच जण. महिन्यातले दोन रविवार, दुपारी दोन ते पाच, धंतोलीत कृष्णकांत मास्तरांच्या व्हरांड्यात आमची बैठक असे. मास्तर शाळेत गणित शिकवत. बुद्धिबळात हरले की कागदावर मांडणी करून ते सिद्ध करत की खरं तर तेच जिंकायला हवे होते. कुसुमताई शिवणाचा क्लास चालवत आणि नवकंकरी खेळत. सहा वर्षांच्या भाच्यालाही त्यांनी कधी एक खडा मागे घेऊ दिला नव्हता, आणि हे त्या स्वतः अभिमानाने सांगत. मी तार ऑफिसातला कारकून. वाघ-बकरीत मी नेहमी बकऱ्यांकडून खेळतो. यात काही नवल नाही, असं माझी बायको म्हणते.

आमच्याकडे एक रीत होती. दर बैठकीला एकाने एक खेळ घेऊन यायचा आणि त्याची शिफारस करायची. हा कोणासाठी चांगला, कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, तेही सांगायचं. मग सगळ्यांनी खेळून पाहायचं आणि पाचही जणांचं एकमत झालं तरच तो खेळ वहीत चढायचा. वही माझ्याकडे असे. गोपाळरावांची चौसराची शिफारस मी शब्दशः उतरवून घेतली आहे: ‘ज्याचं भागीदाराशी पटत नाही त्यानं खेळावा, सहा महिन्यांत पटते नाहीतर सुटते.’ कुसुमताईंची नवकंकरी ‘दवाखान्याच्या रांगेत बसणाऱ्यांसाठी, खडू आणि अठरा खडे पुरे.’ मास्तरांच्या मेव्हण्याने मुंबईहून आणलेला एक रंगीत डबा आम्ही तासाभरात परत केला. यात डोकं फाशाला आहे, माणसाला नाही, असं कुसुमताई म्हणाल्या होत्या. नऊ वर्षांत एकतीस खेळ चढले होते.

मारोतराव सहा वर्षं येत होते. कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर त्यांची नोकरी. पाळी संपवून बस पकडून यायचे, दुसऱ्यांनी आणलेले खेळ खेळायचे, बहुतेक वेळा हरायचे आणि साडेपाचच्या बसने परत जायचे. शिफारशीची पाळी आली की “पुढच्या खेपेले” म्हणायचे. सहा वर्षांत ती खेप आली नव्हती, आणि आम्हीही नेट लावला नव्हता.

नोव्हेंबरात त्यांची बायको गेली. कावीळ झाली आणि पाचव्या दिवशी संपलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही चौघं बसने कोराडीला गेलो. क्वार्टरच्या मागे दोरीवर एक हिरवी साडी वाळत होती, तिच्यावर वीज केंद्राच्या चिमणीतल्या राखेचा थर बसला होता. कोणी ती काढली नव्हती. मारोतराव दारात उभं राहून येणाऱ्याला “बसा” म्हणत होते. आम्ही बसलो. गोपाळरावांनी परतीच्या बसची वेळ विचारली आणि ती मारोतरावांनी नीट सांगितली. प्रेमिलाबाईंना आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते भिंतीवरच्या फोटोत.

डिसेंबरच्या दोन्ही बैठकांना ते आले. पहिल्यासारखेच खेळले, पहिल्यासारखेच हरले. कुसुमताईंनी एकदा त्यांना विचारलं, “जेवण काय करता?” ते म्हणाले, “कँटीन आहे.” माणूस रडला असता तर आम्हाला सोपं गेलं असतं, असं मला त्या वेळी वाटलं.

आणि आता चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीतल्या पहिल्या रविवारी ते पिशवीत कापड घेऊन आले होते आणि म्हणाले होते, “आज माझी शिफारस.”

“खेळाचं नाव काय?” मी वही उघडून विचारलं.

“पूर. मी अन् प्रेमिलानं बनवला. अकरा वर्षं झाले. पण वहीत नाव तिचंच घाला.”

“तुमचं दोघांचं घालू की.”

“नाही. तिचंच.” मग थोडं थांबून त्याच आवाजात ते म्हणाले, “मागच्या हप्त्यात राशन कार्डावरून नाव कापलं तिचं. लाल शाईनं. बालवाडीत शिकवाले जात होती, तिथल्या मस्टरमधूनही कापलं. बरोबरच आहे, माणूस नाही तर नाव कायले ठेवतीन. पण तुमच्या वहीतलं नाव कोणी कापत नाही. कापता का, वसंतराव?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग तिथं लिहा.”

कुसुमताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मास्तर घाईघाईने म्हणाले, “आधी खेळून तर पाहू.” रीत ती रीत. तिच्यापुढे आमचं कोणाचंच काही चालत नसे, आणि त्या दिवशी मला ती पहिल्यांदा नकोशी वाटली.

खेळ साधा होता. कापडावर निळ्या दोऱ्याने नदी शिवलेली. अलीकडे गाव, पलीकडे टेकडी. गावात बारा चिंचोके, म्हणजे बारा माणसं. आगपेटीचं खोकं म्हणजे नाव. नावेत तिघं बसतात. पलीकडे दोघं उतरतात आणि एक जण नाव वल्हवत परत आणतो. अशी एक फेरी झाली की दुसऱ्या खेळाडूने कवड्या टाकायच्या. कवड्यांप्रमाणे पाणी घाटाची एक पायरी चढतं, नाहीतर दोन. पायऱ्या पाच. पाणी पाचवीला लागलं की गाव बुडालं, आणि गावात राहिलेले गेले.

पायऱ्या कापडावर नव्हत्या. त्या होत्या शाळेच्या पाटीवर. लाकडी चौकटीच्या काळ्या पाटीवर पाच आडव्या रेघा कोरलेल्या. ज्याच्याकडे कवड्या त्याने ती पाटी मांडीवर घ्यायची आणि खडूने पाण्याची खूण करायची. नाव चालवणाऱ्याने दर फेरीला विचारायचं, “पाणी कुठे?”

“तिचं गाव मौद्याच्या अलीकडे, कन्हानच्या काठावर,” मारोतराव म्हणाले. “लहानपणी पाणी शिरलं होतं गावात. हे बारा माणसं तिच्या गल्लीतले. शेवटच्या फेरीले ती आजा-आजीले ठेवे. म्हणे, म्हाताऱ्याले पहिले चला म्हटलं तरी चालत नाहीत.”

“कोणासाठी शिफारस?” मी विचारलं.

ते विचारात पडले. “पाळीवरून घरी आलेल्या माणसासाठी,” शेवटी ते म्हणाले. “दिवसभर डोकं लावून आलेला असते. घरी आणखी कोणाशी लढाई नोको वाटते त्याले.”

पहिला डाव मी आणि कुसुमताई खेळलो. मी नाव चालवली, त्यांनी पाटी धरली. चार माणसं बुडाली. दुसरा डाव गोपाळराव आणि मास्तर. सहा बुडाली, आणि गोपाळराव कवड्यांना असं काही बोलले की ते इथे लिहिता येणार नाही. तिसऱ्या डावाला कवड्या छान पडल्या, फक्त एकदाच दोन पायऱ्या आल्या. तरी चार राहिले. दोघांची मिळून एकच बाजू असल्यामुळे भांडायला कोणी नव्हतं, तर आम्ही नदीशी भांडत होतो. चौथ्या डावाला व्हरांड्यात इतकं शांत झालं की आतल्या स्टोव्हचा आवाज ऐकू येत होता. कुसुमताई हळूच म्हणाल्या, “आजी तरी नेऊ या हो.” आजीही गेली नाही.

मास्तर मात्र मघापासून वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी मांडत होते. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं.

“मारोतराव, हा डाव जिंकता येत नाही.”

“कठीण आहे,” मारोतराव म्हणाले.

“कठीण नाही, अशक्य आहे. हे बघा. एका फेरीत तिघं जातात, एक परत येतो. म्हणजे पार होतात दोनच. पाच फेऱ्यांत दहा. आणि कवड्या कितीही चांगल्या पडल्या, दर खेपेला एकच पायरी आली, तरी पाचव्या फेरीनंतर पाणी पाचवीवर. दोन माणसं गावात राहणारच. कमीत कमी दोन.”

“असं कसं?” मारोतराव म्हणाले. “आमी जिंकत होतो ना.”

“किती वेळा?”

“हप्त्यातून दोनदा. कधी तीनदा. अकरा वर्षं.”

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. गणितात ते कोणाच्या बापाला ऐकत नाहीत, पण त्या वेळी त्यांचा चेहरा चोरी करताना सापडलेल्या मुलासारखा झाला. “नियम सांगताना एखादा राहिला असेल,” ते म्हणाले.

“नाही राहिला. पहिले नाव वापस आणाले माणूस लागत नव्हता. तीन-तीन असे चार फेऱ्यांत बारा जात होते, हिशोब बरोबर होता. मंग एक दिवस प्रेमिला म्हणे, अवो, नाव काय आपोआप वापस येते? मले पटलं. नियम घातला.”

“आणि पायऱ्या वाढवल्या नाहीत?”

“नाही.”

“पुन्हा मोजून नाही पाहिलं?”

“जिंकत होतो. मोजाचं कायले?”

मग कुसुमताईंनी विचारलं. त्यांनी विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि कोणीतरी विचारायलाच हवं होतं असंही वाटलं.

“पाटी कोणाकडे असायची?”

“तिच्याकडे.”

“नेहमी?”

“नेहमी. मी दिवसभर पाणीच पाहतो, कुसुमताई. बॉयलरच्या ड्रममधलं. दर तासाले पाहाचं अन् लॉगशीटवर लिहाचं. घरी आलो की मी म्हणे, पाणी तू पाहाय वं, मी नाव पाहतो.” ते बोलता बोलता थांबले. “मी विचारे, पाणी कुठे? ती सांगे, तिसरीवर. मी कधी पाटीत पाहिलं नाही.”

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हात तेवढे कापडावर होते, ते त्यांनी उचलून मांडीवर ठेवले. आम्हाला चौघांनाही कळलं होतं, आणि त्यांनाही कळलं होतं. नाव परत आणायला माणूस हवा हे तिनेच सुचवलं, त्यापायी डाव जिंकणं अशक्य झालं, आणि ते ध्यानात आल्यावर तिने नवऱ्याला काही न सांगता पाणी थोपवून धरायला सुरुवात केली. अकरा वर्षं.

“दर वेळेस नाही जिंकू दिलं,” ते स्वतःशीच म्हणाले. “हरतही होतो. ज्या दिवशी वरच्या साहेबाशी वाजलं, बॉयलर बंद पडला, कोणी माणूस भाजला, त्या दिवशी मी जेवत नसे. ती म्हणे, आधी एक डाव खेळू. त्या दिवशी मात्र जिंकलो असन. जिंकल्यावर जेवण जात होतं मले.” मग म्हणाले, “आता आठवून राहिलं.”

आतून पोहे आले. कोणी हात लावला नाही. मास्तर म्हणाले, “सोपं आहे. एक पायरी वाढवू. सहा पायऱ्या केल्या की डाव बरोबर बसतो. प्रेमिलाबाईंच्या नावानं आजच चढवू.”

“नाही,” मारोतराव म्हणाले. “पायऱ्या पाचच राहू द्या. नियम असा लिहा. पाणी कुठे आहे ते पाटीवाला सांगन. नाववाल्यानं पाटीत पाहाचं नाही. पाटीवाला जे सांगन ते पाणी.”

“अन् तो खोटं बोलला तर?” गोपाळराव म्हणाले.

“बोलू द्या.”

“मंग तो खेळ काहून म्हणाचा, मारोतराव? ते तर फसवणं झालं. मले माफ करा, तुमच्या दुःखात मी आहो. पण तीस वर्षं मी फाशाले हात लावू दिला नाही कोणाले. अशा खेळाले मी हो म्हणणार नाही.”

मला गोपाळरावांचा राग आला. सरळ हो म्हणून मोकळं व्हायला त्यांचं काय जात होतं? पण मारोतरावांना राग आला नाही.

“तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “मले तेव्हा समजलं असतं तर मीही भांडलो असतो. खोटं रीडिंग म्हणजे मले खपत नाही. सोबतच्या एका माणसानं न पाहता लिहिलं होतं एकदा, त्याची रिपोर्ट मीच केली. आजपर्यंत बोलत नाही तो.” त्यांनी पाटी उचलली. “एक डाव खेळून पाहू. पाटी मी घेतो. नाव वसंतराव चालवतीन. मंग तुमाले नाही म्हणाचं असन तर नाही म्हणा. मी कापड घडी करून घेऊन जातो.”

मारोतराव भिंतीला टेकून बसले, पाटी उभी धरली, तिची पाठ आमच्याकडे. कवड्या ते पाटीच्या आड, उघड्या फरशीवर टाकत. मी बारा चिंचोके गावात मांडले आणि नाव काठाला लावली.

पहिली फेरी झाली. “पाणी कुठे?”

“पहिलीवर.”

दुसरी फेरी. “दुसरीवर.” आवाज सपाट, नेहमीचाच. पाटीवर खडू एकदा करकरला.

तिसऱ्या फेरीनंतर कवड्या पडल्याचा आवाज आला. “चौथीवर,” ते म्हणाले. दोन पायऱ्या चढल्या होत्या. टेकडीवर सहा माणसं, गावात सहा, आणि कोरडी पायरी एकच. मास्तरांच्या मनात गणित झालेलं मला दिसलं. मी चौथी फेरी नेली. तिघं गेले, एक परत आणला. गावात चार राहिले.

“पाणी कुठे?”

कवड्या पडल्या. खडू करकरला. मारोतराव पाटीकडे पाहत होते. कुसुमताई खिडकीच्या गजाकडे पाहत बसल्या. मला वाटलं, हा माणूस आता ‘पाचवीवर’ म्हणेल. जन्मभर जे दिसलं तेच त्याने लिहिलं होतं. त्याला दुसरं काही येणार कुठून? तो म्हणेल आणि कापडाची घडी करून उठेल, आणि प्रेमिलाबाईंचं नाव आणखी एका कागदावर लागायचं राहून जाईल.

“चौथीवर,” मारोतराव म्हणाले.

मी पाचवी फेरी नेली. दोन माणसं उतरवली, एक परत आणला. गावात दोघं राहिले, आजा-आजी. मला विचारवत नव्हतं, पण विचारणं माझं काम होतं.

“पाणी कुठे?”

कवड्या पडल्या. या वेळी खडू जास्त वेळ करकरत राहिला.

“चौथीवरच आहे,” ते म्हणाले. “घाई नोको करू. सावकाश ने.”

ते मला कधी अरे-तुरे करत नसत. मी मान वर केली नाही. दोन्ही चिंचोके खोक्यात ठेवले, नदी ओलांडली आणि टेकडीवर उतरवले. बारा झाले. कोणी टाळी वाजवली नाही. गोपाळरावांनी पाय दुमडले, पुन्हा पसरले.

“लिहा गा,” ते मला म्हणाले. “मी हो म्हणतो. पूर्ण नाव लिहा, नुसतं प्रेमिला नोको.”

मी लिहिलं. बत्तिसावा खेळ, पूर. प्रेमिला मारोतराव गजभिये, कोराडी. नियम मारोतरावांनी सांगितले तसेच लिहिले, पायऱ्या पाच. वाचून दाखवलं. “बरोबर,” ते म्हणाले, आणि चिंचोके मोजून पुरचुंडीत बांधू लागले. पाटी त्यांनी भिंतीशी उभी केली होती, ती घसरून सतरंजीवर उताणी पडली.

मला पाहायचं नव्हतं. नियम मी आत्ताच लिहिला होता. पण ती माझ्या गुडघ्यापाशीच होती. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या रेघेवर खडूची खूण होती. मग पाचवीवर होती. पाचवीच्या वर पाटी कोरी असायला हवी होती, तिथे मारोतरावांनी हाताने आणखी दोन रेघा आखल्या होत्या, सरळ आणि सारख्या अंतरावर, आणि वरच्या रेघेवर खूण केली होती. पाणी सातवीवर होतं. दोन्ही वेळा त्यांनी खरं तेच लिहिलं होतं, बुडालेलं गाव मांडीवर घेऊन बसले होते, आणि मला चौथी सांगितली होती.

मारोतरावांनी पाटी उचलली. क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि शर्टाच्या बाहीने पुसून पिशवीत ठेवली. साडेपाचची बस होती. कुसुमताईंनी गार झालेले पोहे कागदात बांधून दिले, ते त्यांनी घेतले.